मर्लची बंदूक

ओहायोतल्या जुन्या हत्यारांच्या प्रदर्शनात ओपलने नवऱ्याची, मर्लची, बंदूक टेबलावर ठेवली आणि संग्राहक मंडळाचे अध्यक्ष रोलंड मटकन खाली बसले. दीडशे वर्षांपूर्वीची लष्करी बंदूक! मुळात तोंडातून दारू ठासायची. पुढे सरकारी कारखान्यातच मागून काडतूस भरण्याजोगी केलेली. तिच्यासाठी संग्राहक जीव टाकायचे. आता ती नव्या नळासारखी चकचकत होती.

"वहिनी, घासलीत की काय?"

"तीन दिवस. आधी व्हिनेगर, मग काथ्या, वरून वॉर्निश."

"अहो, तो जुनेपणाचा काळा थर हीच तर तिची किंमत होती! मर्लने कधी सांगितलं नाही?"

"चाळीस वर्षं दुसरं काय सांगितलं त्याने? हात लावू नकोस, फडकं मारू नकोस. मला कळा सुरू झाल्या तेव्हाही हा तिच्याकडेच बघत बसला होता."

नवरा गेल्याच्या दुःखाने बाईचं डोकं फिरलं असावं, असं वाटून रोलंडना गहिवरून आलं. "केवढं नुकसान करून घेतलंत स्वतःचं!"

"माझं कसलं? वकिलाचं पत्र मिळालं नाही वाटतं अजून? बंदूक विकून जे येईल ते सगळं तुमच्या मंडळाला. मृत्युपत्रात तसं लिहून गेलाय."

रोलंडचा चेहरा खर्रकन उतरला. "आणि... तुम्हाला?"

ओपलने पर्समधून मर्लचे बंदूक हाताळायचे पांढरे हातमोजे काढून टेबलावर टाकले. ते काळेकुट्ट झाले होते.

"मला हे. फार उपयोगी पडले हो."