रजेचं कारण

रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गरोदरपणाचं हार्मोन दोन दिवसांत दुपटीच्या आसपास जायला हवं होतं, ते जेमतेम वाढलंय. गर्भ टिकेल की नाही, आत्ताच सांगता येत नाही."

बाहेर येताच सासूबाईंनी बजावलं, "तिसरा महिना सरेपर्यंत कुणाजवळ ब्र काढायचा नाही."

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात शिलाईवरच्या बाराही जणींना सांगितलं, सुपरवायझरला सांगितलं, फाटकावरच्या वॉचमनलासुद्धा सोडलं नाही.

संध्याकाळी सासूबाईंच्या कानावर गेलंच. "अगं, डांगोरा कसला पिटतेस! उद्या काही बरंवाईट झालं तर?"

"तर रजेच्या अर्जात खरं कारण लिहीन, आई. मागच्या दोन्ही वेळी 'पोटदुखी' लिहिलं होतं."