आतली शिट्टी

"हे बिघडलंय, मॅडम," काकू म्हणाली आणि कानांवरचा इअरमफ काढून तिने कारखाना तपासायला आलेल्या इन्स्पेक्टर बाईंसमोर धरला. "बाकी सगळा आवाज अडतो. शिट्टी तेवढी अडत नाही."

शेडमध्ये अकरा प्रेस एकदम चालू होत्या. पत्रा सरकवायचा, पेडल दाबायचं, ठोका पडला की डब्याचं झाकण बाहेर. काकू एकोणीस वर्षं त्याच एका प्रेसवर होती. मोठ्याने बोलते म्हणून सगळे तिला भोंगाकाकू म्हणायचे, तेही तोंडावर, आणि ती हसून सोडून द्यायची.

बाईंनी इअरमफ उलटसुलट करून पाहिला. स्वतःच्या कानांवर चढवला, काढला. "चांगला आहे की. शिट्टी कसली?" त्यांना ओरडूनच विचारावं लागलं.

"कंप्रेसरची. बारीक असते, सुईसारखी."

बाईंनी सुपरवायझरला सगळं बंद करायला सांगितलं. त्याने आधी घड्याळ पाहिलं, मग हात वर केला. एकेक प्रेस थांबली. कंप्रेसरही धाप टाकून गप्प झाला. कामाच्या वेळेत शेड इतकी शांत कुणी पाहिली नव्हती. माणसं आपापल्या जागी अवघडून उभी राहिली.

"आता येते का?"

काकूने कान देऊन ऐकलं. कंप्रेसरकडे पाहिलं, वर पंख्याकडे पाहिलं. मग शेजारच्या प्रेसवर दोन महिन्यांपूर्वी आलेल्या बाईला विचारलं, "तुला येते गं?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"शिट्टी बाहेर नाहीये," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या. "तुमच्या कानात आहे. आवाजाने आतल्या नसा गेल्या की असं वाजत राहतं."

काकूला नीट कळलं नाही. बाईंना पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं, त्यामुळे सगळ्या शेडने ते ऐकलं.

"थांबेल कधी?"

"बहुतेक नाही थांबत. आणि गेलेलं ऐकू येणं परत येत नाही."

काकूला सून आठवली. घरी सून म्हणायची, आई, ओरडता कशाला, बाळ दचकतंय. आणि ती म्हणायची, मी कुठे ओरडतेय. त्यावरून दोघींचं चार-चार दिवस बोलणं बंद असायचं.

"हे घालायला कधीपासून लागलात?" बाईंनी विचारलं.

"रोज घालतात," सुपरवायझर मध्येच म्हणाला. "आपल्याकडे त्यात हयगय नाही. कुणालाही विचारा."

बाईंनी विचारलं. सगळ्यात जवळ फिटर उभा होता. तो स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला, "रोज." त्याच्या मागचा पॅकर म्हणाला, "रोज, मॅडम."

काकूला ते शब्द नीट ऐकू आले नव्हते. पण ओठ वाचायला ती कधीच शिकली होती.

"आज सकाळी," ती म्हणाली. "साडेआठ वाजता. खोकं फोडून वाटले, आणि संध्याकाळी परत खोक्यात टाका म्हणाले. मागच्या तपासणीलाही हेच केलं. तुम्ही गेलात की खोकं कपाटात, कपाटाला कुलूप. रोज घातलेल्या वस्तूला घामाचा एक डाग नको?"

"काकू, जरा विचार करून बोला," सुपरवायझर म्हणाला.

"मी कशाला करू? एकोणीस वर्षं तुम्हीच करत होतात ना विचार? काय निघालं त्यातून?"

तिचा आवाज पत्र्याच्या भिंतींवर आपटून परत आला. तो गिळायला एकही प्रेस चालू नव्हती.

"लिहा, मॅडम. माझ्या तोंडचं लिहा. खाली सही करते."

बाईंनी लिहून घेतलं. सही करताना काकूने पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

संध्याकाळी सुपरवायझर खोकं घेऊन दारात उभा राहिला. एकेक जण इअरमफ आत टाकून बाहेर पडू लागला. पॅकरने टाकला, फिटरने टाकला. काकूशी कुणी बोललं नाही. तिचा इअरमफ गळ्यात होता.

"टाका," सुपरवायझर म्हणाला.

"नाही."

"कंपनीचा माल आहे तो."

"आणि कान कुणाचे होते?"

"उद्या तुमच्या मशीनवर दुसरं कुणी बसलेलं दिसेल."

"दिसू दे. पण कानांवर हे घालून बसलेलं दिसलं पाहिजे. नाहीतर मी मॅडमच्या ऑफिसात बसलेली दिसेन."

रांगेत काकूच्या मागे नवीन बाई होती. इअरमफ धरलेला तिचा हात खोक्यावर पोहोचला होता. तो तिने मागे घेतला आणि इअरमफ पिशवीत टाकला. सुपरवायझर तिच्याकडे बघत राहिला. ती खाली मान घालून उभी होती, पण पिशवीचं तोंड तिने मुठीत घट्ट धरलं होतं.

फिटर दाराबाहेर चार पावलं गेला होता. तो परत आला. काकूकडे न बघता त्याने खोक्यात हात घातला आणि आपला शोधू लागला. सगळे सारखेच होते. त्याने वरचा एक उचलला. मग जरा थांबून पॅकरसाठी आणखी एक.