हिरवी खूण

सेफिनाने लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडला. रुग्णालयाची माणसं चहाचे मग घेऊन स्थिरावली. डग पेनी तिच्याजवळ आला.

“ती चाचणी दाखवू नकोस,” तो हळूच म्हणाला. “तिच्यावर मंजुरीची सही माझी आहे. चूक माझीच, असं लिहून देतो. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय.”

“लिहिलेलं कोण वाचतं, डग? बघू दे त्यांना.”

मार्चमध्ये तिचे वडील न्यूझीलंडमधल्या पोरिरुआच्या घरी गाडीची वाट बघत बसले होते. डायलिसिसला नेणारी गाडी त्यांनी रुग्णालयाच्या वेबसाइटवरून मागवली होती. नोंद झालीच नव्हती. लागोपाठ दोन फेऱ्या चुकल्या आणि ते गेले. सेफिना तेव्हा सिडनीत होती.

साइट डगच्या कंपनीने बनवली होती. सेफिनाने आईचं आडनाव लावून तिथंच नोकरी धरली.

चार महिन्यांत, चाचणीचे निकाल चाळताना, तिला चूक सापडली. कोणीतरी एकदा साइट वापरायची, यंत्राने ते टिपून ठेवायचं, आणि दर बदलानंतर तसंच्या तसं करून बघायचं, अशी तिथली चाचणीची रीत. पण टिपणारा ‘गाडी मागवा’ हे बटण दाबून थांबला होता. पुढे ‘नोंद झाली’ असं उत्तर येतं का, हे तपासलंच नव्हतं. त्यामुळे गाडी मिळो न मिळो, चाचणीपुढे हिरवी खूण.

“हिरवं दिसलं की डगला जेवण गोड लागतं,” शेजारच्या टेबलावरची आरोहा म्हणायची.

मूळ टिपण डगच्या ताब्यात होतं. रुग्णालयाने मागितलं, म्हणून आज सकाळी त्याला ते द्यावं लागलं. ते आधी बघायचीही सेफिनाला गरज वाटली नाही. चारचौघांत त्याची अब्रू जावी, एवढंच तिला हवं होतं.

तिने चाचणी सुरू केली.

पडद्यावरचा बाण अडखळत सरकू लागला. अक्षरं उमटली, पुसली गेली, पुन्हा उमटली.

“डग, बोटं झोपली होती का रे?” कोणीतरी हसलं.

डगने मान वर केली नाही. “हात माझा नाही,” तो म्हणाला. “रुग्णांपैकीच एकाला बसवलं होतं. स्वतःच्याच खात्यातून टिपून दिलं त्याने. बटण दाबलं की गाडी येणारच, म्हणून हसत उठला.”

असं यंत्र काहीच लपवत नाही, पासवर्डसुद्धा. बाजूच्या रकान्यात तो एकेका अक्षराने उघडा पडत गेला. फीफी. पुढे सेफिनाचं जन्मसाल.

त्या नावाने तिला आजवर एकाच माणसाने हाक मारली होती.