घिरट्या

गच्चीवरच्या म्हाताऱ्याने पुन्हा काठी हलवली. नाही, येणार नाही.

वर हेलिकॉप्टर एका जागी धरून ठेवताना वैमानिकाच्या कपाळावर घाम आला होता. खाली गल्लीतून पुराचं गढूळ पाणी धावत होतं, विजेच्या तारा लोंबत होत्या. पंख्यांच्या वाऱ्याने म्हाताऱ्याचा शर्ट टम्म फुगला होता. हेलिकॉप्टरमधून तारेने खाली उतरलेला जवान त्याच्या कमरेला पट्टा बांधायला बघत होता आणि म्हातारा त्याचे हात झटकून काठीने लांब कुठेतरी दाखवत होता.

"काय म्हणतात?" वैमानिकाने विचारलं.

जवानाचा आवाज कानात आला. "शाळेच्या गच्चीवर बायका-पोरं आहेत म्हणतात, सर. आधी तिकडे जा म्हणतात."

शाळेचं वैमानिकाला माहीत होतं. तळावरून हुकूमच तसा होता, आधी शाळा, मग बाकीचं. पण शाळेकडे जाताना हे घर वाटेत लागत होतं, आणि या घराच्या गच्चीवर त्याचे वडील उभे होते. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. शेजारच्या सहवैमानिकाला तो एवढंच म्हणाला होता की एकटा माणूस दिसतोय, चटकन उचलू. सहवैमानिकाने एकदा त्याच्याकडे पाहिलं होतं.

आणि वर वडिलांचं हे असं. जन्मभर हे असंच.

वडिलांनी उभी हयात बस चालवली होती. मुलगा सैन्यात वैमानिक झाला तेव्हा ते म्हणाले होते, समोरून गाडी नाही, खड्डा नाही, सिग्नल नाही, मग त्यात चालवायचं काय? त्याच्या कामाला ते घिरट्या घालणं म्हणत. फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला, काय, झाल्या का घिरट्या? बढती मिळाली तेव्हाही हाच प्रश्न, पदक मिळालं तेव्हाही हाच. आई गेल्यावर त्याने त्यांना आपल्याकडे राहायला बोलावलं. मुलीने स्वतःची खोली रिकामी करून दिली. बायकोने खिडकीशी खुर्ची मांडली. म्हातारबुवांनी कळवलं की सरकारी क्वार्टरमध्ये त्यांना झोप लागत नाही. तेव्हापासून ती खोली तशीच रिकामी होती आणि मुलगी जेवणाच्या टेबलावर वह्या पसरून अभ्यास करत होती, कारण आजोबा कधीही येतील. आज सकाळी तो निघाला तेव्हा बायकोने त्याला दारातच अडवलं. बाबांचा फोन लागत नाहीये, ती म्हणाली, ते हट्ट करतील, तू ऐकू नकोस, घेऊनच ये.

"बांध आणि उचल त्यांना," वैमानिक म्हणाला.

खाली झटापट झाली. म्हातारा चक्क खाली बसला आणि पाण्याच्या टाकीच्या पाइपाला त्याने मिठी मारली. जवान हताश होऊन वर बघू लागला. सहवैमानिकाने इंधनाच्या काट्याकडे बोट दाखवलं.

"बसा म्हणावं तिथेच," वैमानिक पुटपुटला. त्याने जवानाला वर घेतलं आणि हेलिकॉप्टर वळवलं. इतका राग त्याला कित्येक वर्षांत आला नव्हता.

शाळेच्या गच्चीचा नदीकडचा कठडा नुकताच ढासळला होता. त्याला टेकून बसलेली माणसं आता मधोमध एकमेकांना धरून उभी होती. एका बाईने आपलं तान्हं बाळ जवानाच्या हातात दिलं आणि स्वतःला पट्टा बांधून घ्यायचं ती विसरूनच गेली. वैमानिकाने माणसं तळावर सोडली, इंधन भरलं, पुन्हा आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. ढासळलेल्या कठड्याकडे त्याची नजर सारखी जात होती. अजून थोडा उशीर झाला असता तर काय, हा विचार तो मनात येऊ देत नव्हता.

प्रत्येक खेपेला वडिलांच्या घरावरून जाताना खाली बघायचं नाही असं तो ठरवायचा आणि बघायचा. पाणी गच्चीला लागलं होतं. म्हातारा टाकीवर चढून बसला होता. काठी वाहून गेली असावी. हेलिकॉप्टर डोक्यावर आलं की तो हातानेच खूण करायचा, चला, चला, पुढे चला.

शाळा रिकामी झाली तेव्हा ढग अगदी खाली आले होते. या वेळी म्हाताऱ्याने पट्ट्यासाठी आपणहून हात वर केले. जवानाने त्याला आत ओढलं, घोंगडीत गुंडाळलं. वैमानिकाला मागे वळता येत नव्हतं, दोन्ही हात गुंतलेले होते. म्हाताऱ्याला दिसत होती ती फक्त एक पाठ आणि एक हेल्मेट.

"सर," जवान वैतागून म्हणाला, "या आजोबांना तुमच्याशी बोलायचंय. नको सांगितलं तर ऐकतच नाहीयेत."

"दे त्यांना तुझा माइक."

कानात खरखर झाली. आता मी कोण ते सांगून टाकावं आणि चांगलं खडसवावं, असं वैमानिकाच्या मनात आलं. त्याने तोंड उघडलंही. पण आवाज आला तो अदबीचा होता. वडील त्याला आयुष्यात पहिल्यांदा अहो-जाहो करत होते.

"साहेब, फार उपकार झाले. पण एक बोलतो, राग मानू नका. शाळा सोडून तुम्ही आधी माझ्याकडे आलात, ते चुकलं तुमचं. माझा मुलगा हेच काम करतो. तो आला नसता."