गव्हावरचं गाणं

देवेशने पिठाची गिरणी बंद करायला लावली, आणि गाण्याच्या दुसऱ्याच ओळीला सुयोगचा ड्रमवरचा हात अडखळला.

घाटकोपरच्या या गिरणीमागच्या खोलीत तिघं दोन वर्षं वाजवत होती. संघमित्रा गायची आणि कीबोर्डमधून नाही नाही ते आवाज काढायची, धम्मपालकडे गिटार, सुयोगकडे ड्रम. इथे कोणी तक्रार करत नसे, कारण गिरणीपुढे कोणाचं काही ऐकूच येत नसे. हळूहळू मोटारीचा पट्टाच त्यांना ताल देऊ लागला. ज्वारी दळताना संथ गाणी, गव्हावर नाचायची. एक तर दिवाळीच्या भाजणीवर बसवलं होतं.

देवेश त्यांचा पहिला अल्बम काढणाऱ्या कंपनीचा माणूस. काल अंधेरीच्या स्टुडिओत त्याने ताल धरायला तिघांच्या कानात यंत्राची टकटक सोडली, तर तिघं तीन दिशांना गेली. म्हणून आज तो माइक घेऊन इथेच आला होता. फक्त गिरणी बंद हवी, म्हणाला. गिरणीवाल्या नंदामावशींनी तोंड वाकडं करून बटण दाबलं. बाहेर डब्यांची रांग ताटकळली.

चौथ्यांदाही गाणं मोडलं. देवेशने शांतपणे समजावलं, की ड्रम मशीनवर घेऊ, सुयोगला या वेळी राहू दे. गिरणीची घरघर आत गेली तर लोक हसतील, आणि मग कव्हरवर कंपनीचं नाव येणार नाही.

सुयोग खाली बघत बसला. संघमित्राचं डोकं तापलं.

"मग नको टाकू नाव," ती म्हणाली. "माइक ठेवायचे तर ठेव, न्यायचे तर ने. सुयोग वाजवणार, आणि गिरणी पण चालणार."

"लोक हसले तर?"

"नाचता नाचता हसू दे ना."

देवेशने काळ्या शर्टावरचं पीठ झटकलं. ते आणखीच पसरलं. माइकला मात्र त्याने हात लावला नाही.

संघमित्राने दारातूनच मावशींना गिरणी चालू करायला सांगितलं.

"रिकामी नाही चालवणार मी, दगडाची वाट लागते," नंदामावशी डब्यांकडे वळत म्हणाल्या. "काय टाकू ते बोला."

संघमित्राने सुयोगकडे पाहिलं.

त्याने स्टिक्स उचलल्या.

"गहू," तो म्हणाला.