पन्नासावा दिवस

केकवर '५०' लिहिलेलं होतं, पण चौसष्टबाईंचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे. अकरा वाजून एक मिनिट.

टेबलावरचं यंत्र न थांबता चालत होतं. आज पन्नासावा दिवस. त्याचा कर्नेल, म्हणजे यंत्राच्या पोटातला कारभारी प्रोग्रॅम, याच खोलीत लिहिलेला. आपल्या पाण्याच्या पंपांसाठी तो घ्यावा का, हे बघायला पंपकंपनीच्या मालकीणबाई आल्या होत्या. वरमाईची सरबराई करावी तसे साहेब त्यांच्या मागेपुढे नाचत होते.

कर्नेलमध्ये प्रत्येक आकड्याला मापाचा डबा लागतो. कुठला डबा किती घरांचा, ते एका फाइलीत ठरतं. ती फाइल चौसष्टबाईंची. यंत्र सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजणाऱ्या डब्याला त्यांनी चौसष्ट घरं दिली होती. साहेबांनी त्यांची बत्तीस केली.

"सर, बत्तीस घरं एकोणपन्नास दिवस आणि सतरा तासांत भरतात. मग मोजणी परत शून्यावर."

"मुंगीला हत्तीची झूल कशाला हो, चौसष्टबाई?"

सगळे हसले. नाव चिकटलं ते चिकटलंच.

बाईंनी दोनदा लेखी कळवलं. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, "जमत नसेल तर सांगा, बाहेर रांग लागलीये." घरी सासरे अंथरुणाला खिळलेले, नवऱ्याचं काम सुटलेलं. बाईंनी तोंडाला कुलूप लावलं.

अकरा वाजून दोन मिनिटं. पडद्यावर 'दिवस ०' उमटला. यंत्राला वाटलं आपण आत्ताच जन्मलो. ते गोंधळलं आणि बसलं ढिम्म.

साहेबांच्या हातातली सुरी केकवरच थांबली. मग ती चौसष्टबाईंकडे वळली.

"डबे यांनीच आखलेत, मॅडम! आजच्या आज घरी बसवतो यांना."

"सुरी खाली ठेवा आधी," मालकीणबाई म्हणाल्या. "आणि ती फाइल दाखवा. पंप विकायच्या आधी मीही वीस वर्षं हेच खरडत होते."

चौसष्टबाईंनी फाइल मोठ्या पडद्यावर लावली. ओळ बदलली की शेजारी नाव आणि कारण लिहायचंच, हा दंडक साहेबांचाच. स्वतः पाळायचेही बिचारे. बत्तीसच्या ओळीशेजारी त्यांचं नाव होतं, ठसठशीत. पुढे कारण.

मालकीणबाईंनी चष्मा लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं:

"'चौसष्ट कशाला? आपलं यंत्र पन्नास दिवस चालतंय कुठे!'"