कॅसेटमधली कोरी जागा

मायला एस्टोनियन भाषेतलं एकच वाक्य येत होतं, 'मुल्ले मेल्दिब.' म्हणजे मला आवडलं. एस्टोनियात शिकायला गेलेल्या भाऊनं तिथलीच मुलगी केली, आणि तिला पहिल्यांदा भडगावला आणण्याआधी मायसाठी कॅसेट भरून पाठवली. तीत तो आधी वाक्य सांगायचा, मग मायला म्हणता यावं म्हणून थोडी जागा कोरी सोडायचा. माय भाकरी थापता थापता टेपरेकॉर्डरशी बोलायची. बाकीच्या वाक्यांना जीभ काही वळायची नाही. मी हसले की पिठाचा हात उगारायची. माघात वहिनी आली ती एकटीच. भाऊची गाडी बर्फावरून घसरल्याची तार आधीच येऊन गेली होती. त्याच्या अस्थींचा डबा तिनं सगळा प्रवास मांडीवर धरून आणला होता, तो दारातच मायच्या हातात दिला. माय तो घेऊन चुलीपाशी बसली, वहिनी तिच्या शेजारी. वहिनीला आमची भाषा येत नव्हती, आणि रडायलाही दोघींना जमेना. मग वहिनीला चुलीजवळचा टेपरेकॉर्डर दिसला. आतल्या कॅसेटवर भाऊचं अक्षर होतं. मी नको म्हणेपर्यंत तिनं बटण दाबलं. "तिनी काही दिधं की म्हनानं, मुल्ले मेल्दिब. आते तू म्हन, माय." मायनं डबा छातीशी घट्ट धरला. टेप फिरत राहिली. त्या कोऱ्या जागेत आम्ही तिघी श्वास रोखून बसलो. मग भाऊ खुशीत ओरडला, "शाब्बास, माय! कितलं बेस बोलनी तू!"